रायफल, नग एक

दुबईच्या खाडीकाठी एका इंग्रज कंपनीचं गुदाम होतं आणि त्या गुदामात खैरुद्दीन होडेकर नावाचे स्टोअरकीपर होते. खरं तर हे उलटं सांगायला हवं. होडेकर होते म्हणून ते गुदाम होतं. ते नसते तर त्यातला दोर, रंगाचे डबे, खिळे, कंदील आणि साबणाच्या वड्या केव्हाच अब्र्यात, म्हणजे खाडीतल्या होडीत, बसून पलीकडे देरा गाठून विकल्या गेल्या असत्या.

होडेकर दाभोळकडचे. एकोणपन्नास साली मुंबईहून बोटीने आले, ते त्रेसष्ट उजाडलं तरी त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीवर. या चौदा वर्षांत त्यांच्या हातून एक टाचणीसुद्धा हिशेबाबाहेर गेली नव्हती. नवी पेन्सिल हवी असेल तर जुनीचं थोटुक परत आणून दाखवावं लागे. थोटुक बोटभर लांब असेल तर होडेकर ते चिमटीत धरून उजेडात न्याहाळत आणि म्हणत, "अजून आठ दिवस चालेल." एकदा टायपिस्ट अन्वर मुल्लाने घरी पत्र पाठवायला कंपनीचं एक पाकीट घेतलं. दोन मुलांचा बाप असलेल्या त्या गृहस्थाला होडेकरांनी सगळ्या ऑफिससमोर असं काही झाडलं की बिचारा पुढे महिनाभर स्वतःच्या खिशातला रुमाल काढतानाही इकडेतिकडे बघायचा.

खरेदीच्या बाबतीत तर विचारू नका. कंपनीचा नियम असा की कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन दुकानांचे भाव मागवायचे, ते एका छापील तक्त्यात शेजारीशेजारी मांडायचे, शेवटच्या रकान्यात शिफारस लिहायची आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायची. नियम कंपनीचा, पण तो भिनला होडेकरांच्या रक्तात. मेसमध्ये त्यांच्यासोबत राहणारा लॉरीवाला हमीद मुकादम सांगायचा, "खैरूभाईला सुरमई आणायला पाठवू नका. तीन कोळ्यांकडे भाव विचारणार, मग पहिल्याकडे परत जाणार, आणि तोवर सुरमई खलास. मग आपण खायची डाळ."

बरं, इतका पारखी माणूस स्वतःसाठी काय घेत असेल? काही नाही. आखातात गेलेल्या माणसाने स्वतःसाठी काही घ्यायचं असतं, हेच त्या काळी कुणाला ठाऊक नव्हतं. होडेकरांच्या पलंगाखालची ट्रंक भरलेली होती, पण तिच्यातल्या एकेका वस्तूवर आधीच कुणाचं तरी नाव लागलेलं. थर्मास मेहुण्याचा. घड्याळ पुतण्याचं. नायलॉनच्या दोन साड्या बहिणींच्या, आणि तिसरी, जी जास्त चांगली होती, ती भांडण होऊ नये म्हणून अजून कुणालाच न सांगितलेली. दर बोटीने घरून पत्र येई. खुशालीच्या दोन ओळी झाल्या की खाली यादी सुरू होई. होडेकरांना त्याचा राग नव्हता. राग येण्यासाठी माणसाला आधी आपलं असं काही हवंसं वाटावं लागतं, आणि तेच कधी वाटलं नव्हतं.

ते वाटलं शारजाला. तिथल्या लष्करी छावणीत हिवाळ्यात एकदा जत्रेसारखा मेळा भरायचा आणि त्या दिवशी बाहेरच्या लोकांनाही आत सोडत. हमीदची लॉरी जाणार होती, जागा फुकट होती, म्हणून होडेकर गेले. तिथे एका कडेला पोत्यांच्या भिंतीसमोर फळीवर रिकामे डबे मांडले होते. एक रुपयाला दहा गोळ्या. रायफल छोटी, बावीस बोअरची, हलकी. एकदा भरली की दर गोळीला बोल्ट मागेपुढे ओढायची गरज नाही, नुसता घोडा दाबत जायचं, पुढची गोळी आपोआप चढते. होडेकरांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक हातात घेतली. पोटावर झोपले, एक डोळा मिटला, श्वास रोखला आणि घोडा दाबला. डबा उडाला. दुसरा उडाला. तिसरा चुकला, चौथा पडला.

पण खरी गोष्ट डब्यांची नव्हती. तेवढ्या वेळात जगातलं कुणीही त्यांच्याकडे काहीही मागत नव्हतं. ना दोर, ना साबण, ना नायलॉनची साडी. समोर एक डबा होता आणि इकडे ते होते, बस्स. होडेकरांना फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यांनी आणखी दोन रुपये मोडले.

त्या रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मी एक रायफल घेणार."

हमीदच्या हातातला घास थांबला. "रायफल? अरे वा! मग थ्री-नॉट-थ्री घे. आमच्या श्रीवर्धनला रानडुकरांनी उच्छाद मांडलाय. एक गोळी, खलास."

"डुकरं नाही मारायची."

"मग चोर?"

"चोर नाही."

"मग कशाला रे बाबा?"

"डबे पाडायचेत," होडेकर म्हणाले. "शुक्रवारी. दुपारच्या नमाजनंतर."

चौदा वर्षांत हा माणूस कधी सिनेमाला गेला नव्हता. शेवटी मेसचा स्वयंपाक करणारे म्हातारे वलीचाचा हळूच म्हणाले, "खैरू, अंगात कणकण तर नाय ना? उन्हात फिरला असशील."

दुसऱ्या शुक्रवारपासून होडेकर कामाला लागले. साध्या माणसाने काय केलं असतं? देराच्या बाजारात जाऊन एक रायफल घेतली असती. होडेकरांना तसं जमणं शक्यच नव्हतं. ते अब्बास लारीच्या दुकानात गेले, जिथे किटल्या, कंदील आणि रायफली एकाच दोरीला टांगलेल्या असत. तिथून आणखी दोन दुकानांत गेले. मग पुन्हा अब्बासकडे आले. भाव लिहून घेतला, वजन विचारलं, मोजपट्टी काढून नळीची लांबी मोजली. गोळ्यांची पन्नासची पेटी काय पडते, तेही विचारलं, कारण रायफल एकदा घ्यायची असते, गोळ्या दर शुक्रवारी लागतात, आणि खरा खड्डा तिथेच पडतो. हा शहाणपणा मात्र त्यांचा अगदी अस्सल होता. मोठ्या बोअरची एक गोळी जेवढ्याला येते तेवढ्यात बावीस बोअरच्या मूठभर येतात, हे कळल्यावर हमीदची थ्री-नॉट-थ्री पहिल्या फेरीतच बाद झाली.

पाचव्या खेपेला अब्बास वैतागला. "हबीबी, हमारी बेटी का रिश्ता भी इतने में तय हो गया था. लेना है?"

"इन्शाल्ला," होडेकर म्हणाले. "कंपॅरिझन चालू है."

तीन रायफली उरल्या. एक इंग्रजी, अचूक, पण दर गोळीला बोल्ट ओढायचा. ओढताना नजर निशाण्यावरून हलते, म्हणजे सगळी मजाच गेली. दुसरी अमेरिकन, सेमी-ऑटोमॅटिक, पण गोळ्या नळीखालच्या लांब नळकांड्यात भरायच्या. इथल्या वाऱ्यात ते नळकांडं वाळूने भरणार आणि साफ करायला अर्धा शुक्रवार जाणार. तिसरी अब्बासकडची. हीही सेमी-ऑटोमॅटिक. साधा लाकडी दस्ता, दिसायला अगदीच गरीब. पण दहा गोळ्यांची पेटी खालून काढता-घालता यायची, दोन स्क्रू सोडले की सगळी उघडून फडक्याने पुसता यायची, आणि किंमत तिघींत सर्वांत कमी. अब्बासकडे तसा एकच नग होता. दुसरा कधी येईल, ते अल्लाला ठाऊक.

इथेच घ्यायची की नाही? पण होडेकरांनी आधी घरी पत्र टाकलं. आखातातल्या माणसाने घरी न कळवता काही घेणं म्हणजे चोरीच, अशी त्यांची समजूत. बायकोचं, कुबराचं, उत्तर दीड महिन्याने आलं. तुमचं पत्र मोहल्ल्यात सगळ्यांना वाचून दाखवलं, असं तिने लिहिलं होतं. सगळ्यांना फार आनंद झाला. बंदूक कुणाच्या घरी ठेवायची यावरून तुमच्या दोन्ही भावांत बोलणं बंद आहे. माझं विचाराल तर बंदुकीत काही बरकत नाही, त्याच पैशात शिवणयंत्र येईल, पायाचं असलं तर बरं. खाली नेहमीची यादी होती.

कुणीही दुसरा नवरा असता तर त्याने पत्र घडी करून खिशात टाकलं असतं आणि विषय संपवला असता. होडेकर न्यायी माणूस. मत मागवलं तर ते नोंदवलं पाहिजे. गुरुवारी ऑफिसात दुपारी सामसूम झाल्यावर त्यांनी टाइपरायटरवर कागद चढवला. तुलनात्मक तक्ता करायचा म्हटल्यावर त्यांच्या हाताला एकच कागद ठाऊक होता, कंपनीचा छापील. पांढरी, गुलाबी आणि पिवळी अशा तीन प्रती, मध्ये कार्बन. सवयीने त्यांनी तिन्ही लावल्या. पहिल्या तीन ओळींत तीन रायफली. चौथ्या ओळीत शिवणयंत्र, पायाचं, आणि त्यासमोर शेरा: "निशाणेबाजीच्या कामी अनुपयुक्त." शेवटच्या रकान्यात शिफारस: तिसरी रायफल, नग एक. कारणं सात, नंबर घालून.

असा सुंदर तक्ता त्यांनी चौदा वर्षांत टाइप केला नव्हता. ते थोडा वेळ त्याच्याकडे प्रेमाने बघत बसले. इतक्यात बंदरावरून मचवा आल्याची हाक झाली. त्यांनी टेबलावरचे सगळे तक्ते उचलले आणि चौदा वर्षांच्या शिस्तीप्रमाणे थोरल्या साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवून बाहेर धावले.

शनिवारी साहेबांनी बोलावलं. हातात तो तक्ता होता, खाली लाल शाईत सही. साहेब खुशीत होते. शुक्रवारी काय करावं हा साहेबांच्या बंगल्यातल्या इंग्रज मंडळींना सतावणारा सर्वांत मोठा प्रश्न होता. पत्ते झाले होते, पोहणं झालं होतं, एकमेकांच्या बायकांबद्दल बोलूनही झालं होतं. साहेबांना वाटलं, कुणीतरी ऑफिसर्स क्लबसाठी हे मागवलेलं दिसतंय.

"फर्स्ट क्लास काम, होडेकर," साहेब इंग्रजीत म्हणाले. "इतकी बारकाईने केलेली शिफारस मी पाहिलेली नाही. शिवणयंत्र का नाकारलं, तेही पटलं. आजच खरेदी करा."

होडेकरांना आता नुसतं एक वाक्य बोलायचं होतं: साहेब, तो कागद माझा खाजगी आहे. पण ते वाक्य बोललं की पुढचं विचारलं जाणार. खाजगी कागद कंपनीच्या फॉर्मवर कसा? कंपनीच्या टाइपरायटरवर, कंपनीच्या वेळात, तीन प्रतींत, दोन कार्बन वापरून कसा? आणि काचेच्या पलीकडे अन्वर मुल्ला टाइप करत बसला होता, ज्याला त्यांनी एका पाकिटासाठी चारचौघांत उभं केलं होतं. होडेकरांच्या डोळ्यांसमोर अन्वरचा चेहरा आला. त्याने काहीच म्हटलं नसतं. नुसतं वर बघितलं असतं, आणि तेवढंही होडेकरांना सोसवलं नसतं.

"येस सर," ते म्हणाले.

तेव्हा स्वतःची रायफल कंपनीच्या पैशाने, कंपनीसाठी विकत आणायला होडेकर स्वतःच गेले. अब्बासने टाळ्या वाजवल्या. "मुबारक! आखिर ले ही लिया!" त्याने शेजारच्या दोन दुकानदारांना बोलावलं, चहा मागवला, आणि पुढ्यात कंपनीची ऑर्डर आल्यावर त्याचा चेहरा पडला. व्यापारी माणूस, लगेच समजला. त्याने काही विचारलं नाही. गोळ्यांच्या पेट्यांवर बांधायला सुतळी मात्र चांगली जाड दिली.

अशा रीतीने गुदामाच्या रजिस्टरात दोर आणि रंगाच्या डब्यांच्या खाली नोंद झाली: रायफल, बावीस बोअर, सेमी-ऑटोमॅटिक, नग एक. दर गुरुवारी संध्याकाळी कुठल्यातरी साहेबाची सही घेऊन होडेकर ती बाहेर द्यायचे आणि दर शनिवारी सकाळी परत घ्यायचे. परत येताना ती वाळूने माखलेली असे, कधी दस्त्यावर बिअरचा डाग असे. होडेकर दार लोटून घेत, दोन स्क्रू सोडत, एकेक भाग फडक्याने पुसत आणि तेलाचं बोट फिरवत. मेसमध्ये हमीदने पहिल्या आठवड्यात थट्टा केली, "काय खैरूभाई, तुमची बायको साहेबांच्या बंगल्यावर नांदतेय म्हणे." त्यावर होडेकर ताटावरून उठले. त्यानंतर हमीदने ती थट्टा पुन्हा केली नाही.

दुसरी रायफल घ्यावी, असं त्यांच्या मनात आलं नाही का? आलं. पण अब्बासकडे नग नव्हता, आणि शिफारस केलेल्या मालाऐवजी नाकारलेला माल घेणं म्हणजे आपल्याच सात कारणांच्या तोंडावर थुंकणं. शिवाय पुढच्या बोटीने पायाचं शिवणयंत्र रवाना करावं लागलं. मोहल्ल्यात तोवर कुबराने सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

तीन-चार महिने असे गेले. मग एका शुक्रवारी दुपारी साहेबांचा ड्रायव्हर मेसवर लँडरोव्हर घेऊन आला. "होडेकरसाब, यल्ला, चलो. बडा साब गरम है."

शहराबाहेर खारट सपाटीवर साहेब मंडळी छत्र्या लावून बसली होती. समोर वाळूच्या ढिगावर डबे मांडलेले, आणि डबे जसेच्या तसे उभे. थोरल्या साहेबांनी रायफल होडेकरांपुढे धरली. "ही तुमची शिफारस. सरळ मारतच नाही. डावीकडे जाते. आपण भलताच माल घेतला असं दिसतंय."

भलताच माल! होडेकरांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. दुसरं काहीही म्हटलं असतं तर त्यांनी मान खाली घातली असती. पण सात कारणं लिहून दिलेल्या मालाला भलताच म्हणायचं? ते म्हणाले, "सर, चाचणी घेऊन रिपोर्ट देतो." आणि शुक्रवारची इस्त्रीची पँट घातलेली असताना तसेच वाळूत आडवे झाले.

रायफल खांद्याला लागली. पुसून पुसून तिचा प्रत्येक कंगोरा हाताला पाठ होता, पण खांद्याला ती आज पहिल्यांदा लागत होती. होडेकरांनी एक डोळा मिटला आणि छत्र्या, साहेब, त्यांच्या बर्फाच्या पेट्या, सगळं नाहीसं झालं. डबा उडाला. पुढचा उडाला. त्यांनी घाई केली नाही. मधे थांबून वारा बघितला, कोपर नीट रोवलं, आणि दहा गोळ्यांत ढिगावर एकही डबा ठेवला नाही. उठले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. सुदैवाने तिथे वाळू असल्याने कुणाला कारण विचारावंसं वाटलं नाही.

"रायफल ठीक आहे, सर," ते म्हणाले.

"ठीक आहे म्हणता?" साहेब जरा ओशाळले, आणि ओशाळलेला साहेब कुणाला जास्त वेळ समोर राहू देत नाही. त्यांनी रायफल परत घेतली. "थँक यू, होडेकर. यू मे गो."

होडेकर गेले. आठवडाभर त्यांना खांद्यावर तो दणका जाणवत होता, आणि आठवडाभर ते खूश होते. मग पुढचा शुक्रवार आला आणि कुणी बोलवायला आलं नाही. त्याच्या पुढचाही कोरडा गेला. आपल्याच स्टोअरकीपरसमोर फजिती झाल्यामुळे साहेब मंडळींनी तक्रार करणंच सोडलं होतं. चुकलं तर आपलं चुकलं, असं ते आता मान्य करू लागले होते. इंग्रज माणूस इतका समजूतदार वागेल अशी होडेकरांची अजिबात अपेक्षा नव्हती, आणि या समजूतदारपणाने ते पार खचले.

महिन्याभराने एका गुरुवारी दुपारी त्यांनी गुदामाचं दार आतून लावलं. रायफल मांडीवर घेतली. ती एकदा पुसून झाली होती, तरी पुन्हा पुसली. नळीच्या मागच्या टोकाला निशाणा धरायची खाच असते, तिच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. तो अर्धा वळसा फिरवला की खाच केसभर सरकते आणि गोळी वीतभर बाजूला जाते. होडेकरांनी ड्रॉवरमधला छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. चौदा वर्षांत ज्या हातांनी कंपनीची टाचणी वाकडी केली नव्हती, त्याच हातांनी त्यांनी तो स्क्रूवर टेकवला. त्यांनी डोळे मिटून माफी मागितली. कुणाची, ते त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं. मग स्क्रू अर्धा वळसा फिरवला, दार उघडलं आणि नेहमीप्रमाणे साहेबांची सही घेऊन रायफल दिली.

शुक्रवारी नमाज होताच ते मेसच्या दाराशी येऊन बसले. पँट जुनीच घातली होती. वलीचाचांनी दोनदा जेवायला हाक मारली, पण ते उठले नाहीत. दोनच्या सुमारास रस्त्याच्या टोकाला लँडरोव्हरची धूळ दिसली आणि होडेकर ताडकन उभे राहिले.

खारट सपाटीवर साहेब पुन्हा तापले होते. "होडेकर, आता मात्र खरंच डावीकडे जाते!"

होडेकरांनी गंभीर चेहऱ्याने रायफल हातात घेतली, उजेडात धरली, कानाशी नेऊन हलवली. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून खाच हळूच मूळ जागी आणली. मग वाळूत ऐसपैस झोपले, कोपर रोवलं आणि मान वळवून अतिशय अदबीने म्हणाले, "सर, बिघाड या वेळी जरा जास्त दिसतोय. वीस गोळ्या तरी लागतील."